पावतीपुस्तक घेऊन वाळवंटात

गणपतीच्या आधी पंधरा-वीस दिवस दारावरची बेल वाजली, बाहेर चार पोरं दिसली की काय ते कळतं. पोरं चार असली तरी बोलतो एकच. पावतीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर नाक्यावरच्या दुकानदाराचा ठसठशीत आकडा असतो. तो आपल्याला दिसेल अशा बेताने पान उलटलं जातं आणि मनाशी शंभर ठरवलेला माणूस दोनशे एक्कावन्नची पावती घेऊन दार लावतो. मागायला तोंड लागतं आणि तोंडाला निमित्त लागतं, हे त्या पोरांना कुणी शिकवलेलं नसतं. निमित्त नसताना कुणी दारात येऊन चांगल्या कामासाठी पैसे मागितले, तर आपण घरात कुणी मोठं माणूस नाही असं सांगतो.

ब्रिटनमध्ये हे निमित्त गेली काही दशकं अजब रूप घेऊन येतं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी, बस चुकली तर टॅक्सी करणारी बाई एके दिवशी जाहीर करते की नोव्हेंबरात ती सहारा वाळवंटात जाणार आहे. पाच दिवसांत शंभर किलोमीटर चालणार, रात्री तंबूत झोपणार आणि जमलेले पैसे मरणपंथाला लागलेल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या संस्थेला देणार. मग कागद पुढे येतो, हल्ली कागदाऐवजी मोबाईलवर दुवा येतो. तुमचे किती लिहू?

चालून पैसे उभे करण्याची रीत तशी जुनी आहे. १९५३ च्या ऑक्टोबरात पोर्तो रिकोमधला लाडका विनोदी नट रामोन रिव्हेरो, ज्याला तिथे सगळे 'डिप्लो' म्हणत, सान हुआन ते पोन्से असा ८० मैल चालत गेला आणि कर्करोगाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेसाठी त्याने ८५,००० डॉलर जमवले. 'वॉकेथॉन' या प्रकाराचा आरंभ पुष्कळदा त्याच्यापासून मोजतात. आपल्याला मात्र त्याच्याही दोन वर्षं मागे जाता येतं. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत गागोद्याच्या विनोबांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली. गरज ८० एकरांची होती, रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली, आणि त्यानंतर विनोबा तेरा वर्षं देशभर पायी हिंडत राहिले.

दोन्हीकडे पाय चालतात आणि झोळी भरते, पण दिशा उलट्या आहेत. विनोबा देणाऱ्याच्या दारापर्यंत चालत गेले. सहारात जाणारी बाई देणाऱ्यांपासून दूर जाते, जिथे दार नाही, माणूस नाही, द्यायला दमडी नाही अशा जागी. आणि ती जितकी दूर जाईल, तिथे तिचे जितके हाल होतील, तितके इकडे आकडे वाढतात. ही काय भानगड आहे, हे पाहायला वाळवंटातच जायला हवं.

या सहलींचं आवडतं ठिकाण म्हणजे मोरोक्को. युरोपातून विमानाने मराकेश, तिथून गाडीने अ‍ॅटलास पर्वतातला टिझी-न-टिश्का हा २,२६० मीटर उंचीचा घाट, पलीकडे ड्रा नदीचं खोरं. खोऱ्यात खजुराच्या बागा आणि मातीच्या गढ्या. झागोरा गावात उंटांचा तांडा रंगवलेली एक प्रसिद्ध पाटी आहे: तिंबुक्तू, ५२ दिवस. म्हणजे उंटावरून. पुढे म्हामिदला डांबरी रस्ता संपतो आणि चालणं सुरू होतं.

इथे पहिला भ्रमनिरास होतो. सहारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातल्या सोनेरी टेकड्या येतात. सुमारे ९२ लाख चौरस किलोमीटरच्या, म्हणजे भारताच्या जवळजवळ तिप्पट असलेल्या या प्रदेशात अशी वाळू जेमतेम चतुर्थांश भागात आहे. तिला तिथे 'अर्ग' म्हणतात. उरलेला बहुतेक सहारा म्हणजे 'रेग', खडीचं अफाट मैदान, आणि 'हमादा', वाऱ्याने सोलून काढलेला खडक. वाळूत पाय रुतून दमछाक होते, पण पावलांची खरी वाट लावते ती खडी. सह्याद्रीच्या कातळावर उन्हाळ्यात चाललेल्या माणसाला हमादाची थोडी कल्पना येईल. फक्त पुढच्या वळणावर टाकं किंवा करवंदाची जाळी असेल ही आशा त्यातून वजा करायची.

धर्मादाय पदयात्रेतला दिवस साधारण पंधरा ते पंचवीस किलोमीटरचा असतो. सामान उंटांवर. एक उंट सहज दीडशे किलो वाहतो आणि ताशी चार-पाच किलोमीटर चालतो, म्हणजे आपल्याच चालीने. फरक इतकाच की तो संध्याकाळीही त्याच चालीने चालत असतो. पहाटे निघायचं, ऊन तापलं की बाभळीच्या विरळ सावलीत पडायचं, ऊन कललं की पुन्हा निघायचं. रात्री निखाऱ्यांखालच्या तापल्या वाळूत भाकरी पुरून भाजतात. वर आलेली भाकरी झटकून, ठोकून खायची. विदर्भातल्या रोडग्यांशी तिचं नातं लावायचा मोह होतो, पण रोडग्याला राख लागते आणि हिला वाळू, आणि दातांना तो फरक लगेच कळतो. या सहली ऑक्टोबर ते एप्रिलमध्येच काढतात. उन्हाळ्यात तिथे कुणी दानासाठी मरायला जात नाही.

मरायला म्हणजे काय, ते शरीराच्या हिशेबात सांगता येतं. एक लिटर घाम अंगावरून उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. उन्हात हेच आपलं मुख्य कूलर. तापलेल्या वाळवंटात भरभर चालणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो, पण हवा इतकी कोरडी की तो त्वचेवर दिसतच नाही. मुंबईकराला घाम निथळला की पाणी प्यायची आठवण होते. इथे ती खूण गायब असते आणि शर्टावर मिठाचे पांढरे नकाशे उमटल्यावर उशिरा कळतं. उलटा धोकाही तेवढाच. घाबरून नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, माणूस बरळायला लागतो, मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून वाळवंटातल्या शर्यतींमध्ये पाण्याबरोबर मिठाच्या गोळ्या हातात ठेवतात. पाऊल सुजतं, म्हणून बूट मापापेक्षा मोठा घ्यायचा. वाळू आत शिरून कातडी सोलते, म्हणून बुटाच्या कडेला कापडी गेटर शिवून घ्यायचे. एवढं करूनही फोड येतातच. वाळवंटातून परतलेल्या माणसाच्या गप्पांत तारे पहिल्या दहा मिनिटांत संपतात, फोड तासभर पुरतात.

सहलीच्या पलीकडचा प्रकार म्हणजे 'माराथाँ दे साब्ल', वाळूतली मॅरेथॉन. १९८४ साली पात्रिक बोएर हा फ्रेंच तरुण पाठीवर पाणी आणि शिधा बांधून अल्जेरियातल्या सहारातून एकटा ३५० किलोमीटर चालला, १२ दिवसांत. बाहेर आल्यावर त्याला वाटलं की हा अनुभव इतरांनाही द्यावा. अशी माणसं असतात. १९८६ च्या पहिल्या शर्यतीला २३ जण आले. पुढे हजारभर येऊ लागले. दक्षिण मोरोक्कोत सुमारे २५० किलोमीटर, पाठीवर स्वतःचं अन्न आणि झोपायची पिशवी. पाणी आणि तंबू तेवढे आयोजकांचे. देहूहून पंढरपूरचं अंतरही साधारण एवढंच. पण वारी ते अडीच-तीन आठवड्यांत चालते, वाटेत गावोगाव पिठलं-भाकरी घेऊन लोक उभे असतात. इथे तेच अंतर आठवडाभरात आणि उभं कुणी नाही.

कुणी नाही म्हणजे खरंच नाही. १९९४ साली माउरो प्रोस्पेरी हा इटालियन पोलीस अधिकारी या शर्यतीत वाळूच्या वादळात सापडला, थांबण्याऐवजी पळत राहिला आणि वादळ शमल्यावर आजूबाजूला कुणीच नव्हतं. एका ओसाड दर्ग्यात त्याने वटवाघळं मारून त्यांचं रक्त प्यायलं, स्वतःची लघवी प्यायली. नऊ-दहा दिवसांनी भटक्या टोळीला तो सापडला तेव्हा सीमा ओलांडून अल्जेरियात पोचला होता, वजन पंधरा किलोंहून अधिक उतरलं होतं. काही वर्षांनी तो त्याच शर्यतीत पुन्हा उतरला. २०२१ च्या शर्यतीत उष्णता आणि पोटाचे विकार यांनी जवळजवळ निम्म्या लोकांना वाटेतच थांबवलं आणि एका धावपटूचा मृत्यू झाला. तेव्हा कुणी 'दानासाठी हाल' म्हणालं की ते हाल कुठल्या जातीचे आहेत हे आधी विचारावं.

दानासाठी ही शर्यत करणाऱ्यांत सर्वांत गाजलेलं नाव सर रॅनल्फ फाइन्स यांचं. दोन्ही ध्रुव पायाखाली घातलेला हा ब्रिटिश गृहस्थ हिमदंशाने मेलेली बोटांची टोकं घरच्या शेडमध्ये करवतीने स्वतःच कापणारा. २००३ मध्ये हृदयविकाराचा झटका आणि बायपास, आणि चारच महिन्यांत सात खंडांवर सात दिवसांत सात मॅरेथॉन. २००४ साली त्यांची पत्नी जिनी कर्करोगाने गेली. मरणासन्न रुग्णांना घरी परिचारिका पुरवणाऱ्या 'मेरी क्युरी' या संस्थेसाठी ते निधी जमवू लागले आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, वाळूतल्या मॅरेथॉनला उभे राहिले. त्या वर्षी सर्वांत लांब टप्पा ९२ किलोमीटरच्या आसपास होता. तो त्यांनी तीस तासांहून जास्त वेळ चालून पुरा केला. ही शर्यत पुरी करणारे सर्वांत वयस्क ब्रिटिश म्हणून त्यांची नोंद झाली. गंमत म्हणजे फाइन्स बरेच हळू होते, शेवटच्या उंटाच्या थोडेच पुढे. या शर्यतीच्या मागून तेव्हा खरोखरच उंट चालत, आणि उंटाने गाठलं की तुम्ही बाद. तो म्हातारा उंटाला गाठू देतो की नाही, एवढ्या एका प्रश्नावर हजारो घरांतून पैसे निघाले.

पण या सगळ्यात माझ्या मते विचार करायला लावणारी कथा तिघांची आहे. अमेरिकेचा चार्ली एंगल, कॅनडाचा रे झहाब आणि तैवानचा केव्हिन लिन. २ नोव्हेंबर २००६ रोजी सेनेगलमधल्या सेंट लुईसला त्यांनी अटलांटिक महासागरात हात बुडवले आणि पूर्वेकडे धावायला सुरुवात केली. मॉरिटानिया, माली, नायजर, लिबिया, इजिप्त. २० फेब्रुवारी २००७ रोजी त्यांचे हात तांबड्या समुद्रात बुडले. १११ दिवस, सुमारे ६,९०० किलोमीटर, एकही पूर्ण दिवस विश्रांती नाही. सरासरी काढा: रोज बासष्ट किलोमीटर, म्हणजे दररोज जवळपास दीड मॅरेथॉन, साडेतीन महिने. एंगल एकेकाळचा व्यसनी. झहाब दिवसाला पाकीटभर सिगारेटी ओढणारा, ज्याने नव्या सहस्रकाच्या तोंडावर सिगारेट सोडली. सोबत वाटाडे, डॉक्टर, गाड्या आणि चित्रपटाचा चमू होता. लिबियाची परवानगी हातात नसतानाच ते निघाले होते. ती मिळेपर्यंत आपल्याला वाट आहे की नाही हे न कळता ते रोज लिबियाकडे धावत होते.

या धावण्यामागे अभिनेता मॅट डेमन होता. त्याने त्या निमित्ताने 'एचटूओ आफ्रिका' ही पाण्यासाठीची संस्था उभी केली, माहितीपटाला आवाज दिला, आणि २००९ मध्ये ती संस्था गॅरी व्हाइटच्या 'वॉटरपार्टनर्स'मध्ये मिळून 'वॉटर डॉट ऑर्ग' झाली. ती आजही चालू आहे.

आता नायजरमधला एक प्रसंग. ओसाडीत धावणाऱ्यांना एक लहान मुलगा एकटाच दिसला. आईबाप कुठे? पाणी आणायला गेलेत. ते परत येईपर्यंत मुलाने तिथेच थांबायचं होतं. तिघांच्या मागून पाण्याने भरलेल्या गाड्या येत होत्या. ज्या अंतराला जग पराक्रम म्हणून टाळ्या वाजवत होतं, त्यातला एक तुकडा त्या मुलाची आई घागरीसाठी चालत होती, आणि तिच्या चालण्यावर कुणी प्रतिकिलोमीटर दर लावलेला नव्हता. मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. त्याने रांगेतले हंडे पाहिलेत.

मग लोक पैसे देतात ते कशाला? ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डर शफीर या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रयोगांतून दाखवलं की दान करण्याची वाट कष्टाची आणि वेदनेची असेल तर माणसं जास्त द्यायला तयार होतात. सहभोजनापेक्षा पाच मैलांच्या धावण्यावर लोक जास्त पैसे लावतात. याला त्यांनी हौतात्म्याचा परिणाम म्हटलं. यातली खाच अशी की काम मौजेचं असेल, उदाहरणार्थ बाग उभारायची असेल, तर हा परिणाम ओसरतो. काम दुःख निवारण्याचं असेल तर तो ठळक होतो. दुःखाला दुःख शोभतं, असा काहीसा हिशेब मनात चालतो. उपास, नवस, अनवाणी वारी यांच्या देशात हे ऐकून कुणी दचकणार नाही.

तो अभ्यास स्वतः कष्ट करून देणाऱ्यांचा आहे. घरी चहा पीत फोनवरून देणाऱ्यांचं काय? त्यांचा अभ्यास ब्रिटनच्या अर्थशास्त्रज्ञांनी केला, २०१० च्या लंडन मॅरेथॉनसाठी ऑनलाइन पैसे जमवणाऱ्यांच्या पानांवरून. आधीच्या देणग्यांची सरासरी दहा पौंडांनी वर असेल तर पुढचा माणूस अडीच पौंड जास्त टाकतो. म्हणजे नाक्यावरच्या दुकानदाराचं पहिलं पान! मंडळाच्या पोरांना जे उपजत येतं ते आकडेवारीने सिद्ध व्हायला २०१५ साल उजाडावं लागलं.

आणि अंतराचं म्हणाल तर त्याचा पैशाशी संबंध फार सैल आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये कॅप्टन टॉम मूर या नव्व्याण्णव वर्षांच्या ब्रिटिश माजी सैनिकाने चाकाच्या आधारकाठीने स्वतःच्या घराच्या २५ मीटर आवारात शंभर फेऱ्या मारायचं ठरवलं. एकूण अडीच किलोमीटर. त्याला हजार पौंड हवे होते. शंभराव्या वाढदिवसापर्यंत ३ कोटी २० लाख पौंडांहून अधिक जमले. सहारा लागला नाही, विमानही लागलं नाही. लोक अंतर मोजत नव्हते. या माणसाला हे झेपेल का, एवढंच ते पाहत होते. वाळवंट फक्त हा प्रश्न सर्वांना एका शब्दात कळेल असा विचारतं. ऑफिसातली टॅक्सीवाली बाई आणि सहारा, बस. बाकी काही सांगावं लागत नाही.

विमानावरून आठवलं. या सहलींचा खर्च दोन पद्धतींनी भागतो, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकीत चालणारा तिकीट, तंबू, उंट सगळं स्वतःच्या खिशातून भरतो आणि वर्गणी पूर्णपणे संस्थेकडे जाते. दुसरीत तो थोडी नोंदणी फी भरतो आणि ठरावीक किमान निधी जमवायचं कबूल करतो. सहलीचा खर्च त्या निधीतूनच वळता होतो. समजा, किमान निधी तीन हजार पौंड आणि सहलीचा खर्च चौदाशे. म्हणजे मी दिलेल्या दर शंभर पौंडांतले जवळजवळ सत्तेचाळीस उंटाच्या, हॉटेलच्या आणि विमानाच्या वाट्याला गेले. संस्था यावर सांगतात, की एरवी हे पैसे आलेच नसते आणि चालून आलेला माणूस जन्मभर आमचा होतो. यात तथ्य आहे. तरी पन्नास टक्के कमिशनवर वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाला आपण काय म्हटलं असतं?

ब्रिटनच्या करखात्याने मात्र हा प्रश्न व्यापाऱ्याच्या बारकाईने सोडवलाय. तिथे 'गिफ्ट एड' नावाची सवलत आहे; करदात्याने पौंड दिला की सरकार त्यात पंचवीस पेन्स घालून संस्थेला देतं. पण सहलीचा खर्च संस्था करत असेल, तर चालणाऱ्याच्या नवरा-बायको, आईबाप, भावंडं, मुलं यांच्या देणगीवर ही सवलत नाही. कारण आईने मुलीच्या सहलीला पैसे दिले, याला दान कसं म्हणायचं? मुलीने स्वतःचा खर्च स्वतः भरला की सवलत पुन्हा लागू. कुठल्याही नीतिग्रंथापेक्षा मला हा नियम जास्त स्पष्ट वाटतो.

आपल्याकडेही आता हे लोण आलंय. मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली, तिथे हजारो लोक कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी धावतात. कुणी कच्छच्या रणात, कुणी लडाखमध्ये जातं आणि तुमच्या मोबाईलवर दुवा पाठवतं. तसा दुवा आला तर पोराचं कौतुक करा, फोडांसाठी मलम सुचवा, आणि एकच विचारा: तिकीट कुणी काढलं? 'मी' असं उत्तर आलं तर बेलाशक पावती फाडा, आणि पहिली असेल तर आकडा जरा मोठा लिहा.